शरीरातील निरोप्ये

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे विस्ताराने लिहून काढलेले.)



आजच्या भाषणाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. बी. ए., बी. एड. झालेला, वर्गात मराठी आणि इतिहास शिकवणारा हा शिक्षक शरीरातील पेशींविषयी काय बोलणार, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर सोपे आहे. माझा विषय भाषा. एकाने काही सांगावे, दुसऱ्याने ते ऐकावे, समजून घ्यावे आणि त्याप्रमाणे वागावे, याला आपण भाषा म्हणतो. आपल्या शरीरातील पेशी नेमके हेच अहोरात्र करीत असतात. त्यांची भाषा शब्दांची नाही, रसायनांची आहे, एवढाच काय तो फरक. म्हणून भाषेच्या शिक्षकाने या विषयावर चार शब्द बोलले तर ते अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. आपण डहाणू-तलासरीच्या परिसरात राहतो. एका बाजूला समुद्र, मध्ये चिकूच्या वाड्या, पलीकडे भातशेती, गवत आणि डोंगर. या भागात दरवर्षी काही माणसे अशा कारणांनी दगावतात की, पेशींचे हे बोलणे कसे चालते आणि कोठे अडते एवढे जरी घरातील मोठ्या माणसांना ठाऊक असते, तरी त्यांतील कित्येक वाचली असती. तेव्हा हा विषय परीक्षेपुरता नाही, घरापुरता आहे, असे समजून आपण ऐकावे आणि आता वाचावे.

प्रथम पेशी म्हणजे काय ते पाहू. घर जसे विटांचे, तसे शरीर पेशींचे. इ. स. १६६५ मध्ये रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात त्याला लहान लहान खोल्या दिसल्या, आणि त्यांना त्याने पेशी या अर्थाचे नाव दिले. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात, असा आजचा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य रक्तातील तांबड्या पेशी होत. परंतु विटेची उपमा येथेच संपते. वीट मुकी असते. पेशी जिवंत असते; ती खाते, काम करते, आणि मुख्य म्हणजे शेजारणीशी आणि दूरवरच्या बहिणींशी सतत निरोपांची देवाणघेवाण करते. एवढ्या अफाट वस्तीत कोणी कोणाला काही सांगितलेच नाही, तर काय होईल? हृदय आपल्या मनाने धडकेल, पोट आपल्या मनाने चालेल, हात हलवायचे ठरवले तरी हलणार नाही. मग शरीर उरणार नाही, नुसता पेशींचा ढीग उरेल.

हा निरोप कसा जातो, ते समजण्यासाठी आपल्या ओळखीच्या चिकूपासून सुरुवात करू. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आपल्या सर्वांना अभिमानाची गोष्ट आहे. चिकू झाडावरून उतरवतात तेव्हा तो कडक, चिकाळ आणि तुरट असतो. चार-सहा दिवसांत तो मऊ आणि गोड होतो. यात एक गंमत आपल्या आया-बहिणींना पूर्वीपासून माहीत आहे. कच्च्या फळांत एक पिकलेले फळ ठेवले की सगळी फळे लवकर पिकतात. का बरे? पिकणाऱ्या फळाच्या पेशी इथिलीन नावाचा वायू सोडतात. तो शेजारच्या फळाच्या पेशींपर्यंत पोचतो. त्या पेशींमध्ये हा वायू ओळखणारी खास जागा असते. वायू तेथे चिकटला की पेशीला आज्ञा मिळते, 'पिकायला लागा.' मग चीक कमी होतो, तुरटपणा जातो, पेशींच्या भिंती सैल होऊन गर मऊ होतो, गोडी वाढते. आणि ते फळही स्वतः इथिलीन सोडू लागते. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगितले, अशी बातमी साऱ्या पेटीभर पसरते.

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रयोग तुम्ही घरी करू शकता. कागदाच्या दोन पिशव्या घ्या. दोन्हींत सारख्या आकाराचे चार-चार कच्चे चिकू ठेवा. एका पिशवीत एक पिकलेले केळे घाला. दोन्हींची तोंडे दुमडून एकाच खोलीत ठेवा आणि रोज सकाळी दाबून पाहून वहीत नोंद करा. कोणत्या पिशवीतील फळे आधी मऊ झाली, किती दिवस आधी, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. पुस्तकातील दहा ओळींपेक्षा ती नोंद तुमच्या अधिक लक्षात राहील.

या साध्या उदाहरणात निरोपाची तिन्ही अंगे आली आहेत. पहिले अंग निरोप्या, म्हणजे निरोप घेऊन जाणारे रसायन. दुसरे अंग ग्राही, म्हणजे पेशीवरील किंवा पेशीच्या आतील ती जागा जेथे निरोप्या येऊन बसतो. कुलपात किल्ली बसावी तसा. तिसरे अंग म्हणजे निरोप पोचल्यावर पेशीच्या आत सुरू होणारे काम. डहाणू रोड स्टेशनावर गाडीची घोषणा होते तेव्हा ती फलाटावरील सर्वांच्या कानांवर पडते. पण पिशव्या उचलून पुढे सरसावतात ते त्या गाडीने जाणारेच. शरीरातही तसेच होते. रक्तातून जाणारा निरोप्या सगळीकडे फिरतो, पण ज्या पेशीवर त्याचा ग्राही असेल तीच पेशी हलते. बाकीच्या स्वस्थ राहतात. रक्तातून असे दूरवर जाणाऱ्या निरोप्यांना आपल्या पाठ्यपुस्तकात संप्रेरके म्हटले आहे.

एक उदाहरण घेऊ. संध्याकाळी वाटेत कुत्रे अंगावर धावून आले, तर क्षणात छाती धडधडू लागते, हातपाय ताठ होतात, घाम फुटतो. मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथींनी ॲड्रेनलिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडलेले असते. ते हृदयाला सांगते 'जोरात चाल', आणि यकृताला सांगते 'साठवलेली साखर बाहेर काढ'. आता मौज अशी की ॲड्रेनलिन पेशीच्या आत शिरतच नाही. ते दारावरची घंटा वाजवते आणि बाहेरच राहते. मग आतल्यांना कळते कसे? अमेरिकन शास्त्रज्ञ अर्ल सदरलँड यांनी हे कोडे सोडवले. घंटा वाजताच पेशीच्या आत दुसरा निरोप्या तयार होतो आणि तो घरभर बातमी पोचवतो, असे त्यांनी दाखवून दिले. एका घंटेने आत असे असंख्य निरोप्ये धावू लागतात. म्हणून रक्तातील संप्रेरकाच्या अगदी किंचित मात्रेनेही एवढा मोठा परिणाम होतो. या शोधाबद्दल सदरलँड यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

निरोप कसा जातो ते झाले. आता तो बिघडतो कसा, ते पाहू. टपालाचा विचार करा. पत्र चार प्रकारांनी वाया जाते. लिहिणाऱ्याने ते लिहिलेच नाही. पत्र आले पण घरच्यांनी दार उघडले नाही. वाटच तोडली गेली किंवा कुलपात कोणी खडा घातला. आणि चौथा प्रकार म्हणजे एकदम इतकी पत्रे येऊन पडली की घर कोलमडले. शरीरात हे चारही प्रकार घडतात.

पहिले दोन प्रकार मधुमेहाचे. आपण भाकरी, भात, पाव खातो, त्याची साखर होऊन रक्तात येते. पोटाच्या मागे असलेले स्वादुपिंड तेव्हा इन्शुलिन सोडते. इन्शुलिन हा निरोप्या स्नायूंच्या व चरबीच्या पेशींवरील ग्राहीवर बसून सांगतो, 'दार उघडा, साखर आत घ्या.' यकृतालाही तो साखर साठवण्यास सांगतो. काही मुलांत स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट होतात. म्हणजे पत्र लिहिणाराच उरत नाही. हा पहिल्या प्रकारचा मधुमेह. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे काढण्यात यश मिळवले, आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. त्यापूर्वी असे मूल फार काळ जगत नसे. आज ते शाळेत जाते, खेळते, मोठे होते. अट एकच, इन्शुलिन चुकवावयाचे नाही.

मोठ्या वयात बहुधा होतो तो दुसऱ्या प्रकारचा मधुमेह. यात निरोप्या येतो, घंटाही वाजवतो, पण पेशी पूर्वीसारखे दार उघडीत नाहीत. स्वादुपिंड मग अधिकाधिक इन्शुलिन पाठवते आणि शेवटी थकते. वाढलेले वजन, बैठे काम आणि घराण्यातील कल यांमुळे ही दारे घट्ट होतात. चालण्याने, मेहनतीने ती सैल होतात, कारण काम करणारा स्नायू इन्शुलिनच्या निरोपाला अधिक चांगला प्रतिसाद देतो. डॉक्टर रोज चालावयास सांगतात त्यामागे हे कारण आहे. औषधाच्या गोळ्या घेऊन साखर ठीक आली की 'आता बरे वाटते' म्हणून गोळ्या बंद करणारे कितीतरी जण आपण पाहतो. साखर ठीक आली ती गोळ्यांमुळे आली, हे त्यांनी विसरू नये.

याच संदर्भात रोजाचा विचार करू, कारण तो आपल्या प्रत्येक घरातील प्रश्न आहे. सेहरीनंतर काही तास अन्नातील साखर पुरते. पुढे रक्तातील इन्शुलिन कमी होते आणि स्वादुपिंडच ग्लुकागॉन नावाचा दुसरा निरोप्या पाठवते. तो यकृताला सांगतो, 'साठा उघड, साखर रक्तात सोड.' दिवस चढतो तसे शरीर चरबीही वापरू लागते. निरोगी माणसाचे शरीर हा कारभार बिनबोभाट करते. म्हणूनच दिवसभर काही न खाताही मेंदूला साखर मिळत राहते. परंतु जो इन्शुलिन टोचून घेतो किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतो, त्याच्या शरीरात 'साखर आत घ्या' हा निरोप बाहेरून दिलेला असतो. तो उपवास पाहून थांबत नाही. साखर एकदम उतरू शकते. हात थरथरणे, घाम येणे, डोके सुन्न होणे, बोलण्यात गोंधळ, या खुणा दिसल्या तर तत्काळ साखर द्यावी लागते. आजारी माणसाला रोजाची सवलत आहे, हे आपण सर्व जाणतो. घरातील मधुमेही बुजुर्गांना रमजानच्या निदान महिनाभर आधी डॉक्टरांकडे घेऊन जावे आणि रोजा ठेवावा की नाही, औषधाची वेळ व मात्रा काय असावी, हे विचारून घ्यावे. यात कमीपणा काहीच नाही.

आता तिसरा प्रकार, आणि आपल्या भागाच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचा. सगळेच निरोप रक्तातून जात नाहीत. घाईचे निरोप मज्जातंतूंमधून विजेच्या लहरीसारखे जातात. पण तंतू आणि स्नायू यांच्यामध्ये एक अतिशय अरुंद फट असते. मिलिमीटरचे वीस हजार भाग केले तर त्यांतील एका भागाएवढी. विजेची लहर ती फट ओलांडीत नाही. मग काय होते? १९२१ साली ऑस्ट्रियातील ओटो लोवी यांनी बेडकांची दोन हृदये घेतली. पहिल्या हृदयाचा मज्जातंतू उत्तेजित केला, तेव्हा त्याचे ठोके मंदावले. त्या हृदयाभोवतीचे द्रव दुसऱ्या हृदयाला दिले, तर त्याचेही ठोके मंदावले, जरी त्याच्या तंतूला कोणी हात लावला नव्हता. म्हणजे तंतूने काहीतरी रसायन सोडले होते. ते रसायन ॲसिटिलकोलिन. मज्जातंतूचे टोक हा निरोप्या फटीत सोडते, तो पलीकडे स्नायूच्या ग्राहीवर बसतो आणि स्नायू आकुंचन पावतो. लोवी आणि हेन्री डेल यांना याबद्दल १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपण पापणी उचलतो, घास गिळतो, श्वासासाठी छाती फुगवतो, ते या फटीतून निरोप पोचतो म्हणून.

याच फटीवर नाग आणि मण्यार हल्ला करतात. नागाच्या विषातील कण स्नायूच्या ग्राहीवर जाऊन चिकटतात. कुलपात खडा घातल्यासारखे होते. किल्ली आली तरी शिरत नाही. मण्यारीच्या विषाची करामत अधिक भयंकर आहे. ते ग्राही तर अडवतेच, पण मज्जातंतूच्या टोकावरही घाला घालते. टोकातील निरोप्यांचा साठा संपतो आणि टोकच निकामी होते. मग पत्र टाकणाराही राहत नाही आणि पेटीही उघडत नाही. प्रथम पापण्या मिटू लागतात, कारण पापणीचे स्नायू लहान असतात. पुढे बोलणे अडखळते, गिळता येत नाही, मान धरवत नाही. आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. येथे एक गोष्ट ध्यानी घ्या. असा रुग्ण निपचित पडलेला असतो, डोळे उघडीत नाही, उत्तर देत नाही. तरी पुष्कळदा तो शुद्धीवर असतो आणि सारे ऐकत असतो. त्याच्याकडून निरोप निघतो, पण स्नायूंपर्यंत पोचत नाही. त्याला मेलेला समजून हात सोडणे म्हणजे जिवंत माणसाला सोडून देणे होय. कृत्रिम श्वास चालू ठेवला तर तो परत येऊ शकतो.

मण्यार रात्री हिंडते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते, आणि तिचे दात इतके बारीक की चावा कित्येकदा जाणवतही नाही. सूज नाही, रक्त नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घसा दुखतो. घरची माणसे म्हणतात, रात्रीचे जेवण बाधले. ओवा देतात, लिंबू देतात, दोन तास जातात. तेवढ्यात पापण्या उतरतात. भातकापणीच्या वाड्यांवर, वीटभट्ट्यांवर, पाड्यांतील घरांत आणि आपल्याही वस्तीत उकाड्याच्या दिवसांत मुले जमिनीवर झोपतात. म्हणून पावसाळ्यात व उकाड्यात जमिनीवर झोपलेल्या मुलाला पहाटे अचानक पोटदुखी झाली आणि पापण्या जड झाल्या, तर अपचनाची वाट न पाहता मण्यारीचा संशय घ्यावा. दंशाची खूण सापडलीच पाहिजे असा आग्रह धरू नये.

यावर इलाज आहे. मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्था १८९९ मध्ये प्लेगच्या संशोधनासाठी सुरू झाली, आणि सर्पविषावरील लशीच्या कामातही तिचे नाव मोठे आहे. घोड्याला विषाची अल्प मात्रा वाढवीत वाढवीत देतात. त्याच्या रक्तात विषाला बांधून टाकणारी द्रव्ये तयार होतात. त्यांपासून हे औषध बनते. आपल्या देशातील औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. यांतील घोणस व फुरसे मुख्यतः रक्तावर घाला घालतात. हे औषध रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडते. पण मण्यारीच्या विषाने एकदा निकामी केलेले मज्जातंतूचे टोक ते दुरुस्त करू शकत नाही. ते टोक शरीराला पुन्हा वाढवावे लागते आणि त्याला कित्येक दिवस लागतात. तोवर रुग्णाला यंत्राने श्वास द्यावा लागतो. म्हणून पहिल्या तासाची किंमत फार मोठी. नागाच्या दंशात डॉक्टर निओस्टिग्मिन नावाचे औषधही वापरतात. ते ॲसिटिलकोलिन लवकर नष्ट होऊ देत नाही. फटीत निरोप्यांची गर्दी होते आणि खड्यांच्या गर्दीतूनही काही किल्ल्या कुलपापर्यंत पोचतात. पाहा, पेशींची भाषा कळली म्हणून हा उपाय सुचला.

आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित आजारांच्या यादीत केला, आणि हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा भारत सरकारने २०२४ मध्ये जाहीर केला. आपल्या डहाणूतही भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्राच्या माध्यमातून सर्पदंशावर काम झाले आहे. मोठ्या शास्त्रज्ञांनी आपल्या तालुक्याची दखल घेतली. आता आपण स्वतःच्या घरात दखल घ्यावयाची आहे.

चौथा प्रकार निरोपांच्या महापुराचा, आणि त्याची कथा आपल्या कोकणातीलच आहे. लाल विंचू चावला की त्याचे विष मज्जातंतूंतील सोडियमची दारे उघडी ठेवते. तंतू थांबता थांबत नाहीत. ॲड्रेनलिन आणि त्याच्या जातीचे निरोप्ये रक्तात लोटतात. कुत्रे अंगावर आल्यावर होते ते येथे शतपटीने होते आणि थांबत नाही. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करू लागले, तेव्हा विंचूदंशाने धडधाकट मुले डोळ्यांदेखत जात होती. त्यांनी रुग्णांशेजारी बसून, नाडी, रक्तदाब, लक्षणे तासातासाने टिपून ठेवली. हा निरोपांचा महापूर आहे हे ओळखून त्यांनी प्रॅझोसिन हे रक्तदाबाचे, साधे आणि स्वस्त औषध वापरून पाहिले. हे औषध रक्तवाहिन्यांवरील ज्या ग्राहींवर हे निरोप्ये बसतात ते ग्राही झाकून टाकते. पत्रे येत राहिली तरी पेटीचे तोंड बंद. १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा याविषयीचा लेख आला. गंभीर रुग्णांतील पूर्वी ४० टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण पुढे १ टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरवण्यात आले.

विद्यार्थी मित्रांनो, या कथेकडे नीट पाहा. मोठी प्रयोगशाळा नव्हती, परदेशी यंत्रे नव्हती. एक खेड्यातील दवाखाना, एक वही, पाहण्याची चिकाटी आणि शरीराच्या भाषेचे ज्ञान, एवढ्यावर हे काम झाले. मग डहाणू-तलासरीच्या मुलाला किंवा मुलीला ते का जमू नये? नववी-दहावीच्या पुस्तकातील 'संप्रेरके' आणि 'चेतासंस्था' हे धडे तुम्ही दोन गुणांच्या प्रश्नासाठी पाठ करता. पुढच्या वेळी ते वाचताना प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारा: निरोप्या कोण, तो कोठे बसतो, आणि बसल्यावर काय घडते? तिन्ही उत्तरे मिळाली की धडा पाठ करावा लागणार नाही.

पालकांना माझी विनंती थोडक्यात अशी. घरातील मुलांना शक्यतो खाटेवर झोपवा. जमिनीवर झोपवावयाचे तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. रात्री बाहेर पडताना हाती बॅटरी ठेवा. पेंढा, गवत, लाकडांची रास घराच्या भिंतीला लावून रचू नका. सकाळी बूट-चपला झटकून घाला. सर्पदंश झाला किंवा संशय जरी आला, तर घट्ट दोरी बांधू नका, ब्लेडने कापू नका, तोंडाने चोखू नका. या तिन्हींनी फायदा काही नाही, अपाय मात्र होतो. रुग्णाला धीर द्या, चालावयास लावू नका. हात-पाय मोडल्यावर जशी फळी बांधून स्थिर ठेवतात तसा तो अवयव स्थिर ठेवा. १०८ क्रमांकाला फोन करा, किंवा मिळेल त्या गाडीने सरळ रुग्णालय गाठा. डहाणूचे व कासाचे उपजिल्हा रुग्णालय, तलासरीचे ग्रामीण रुग्णालय, यांपैकी आपल्याला जवळचे कोणते आणि रात्री तेथवर कोणाच्या गाडीने जावयाचे, हे आजच ठरवून ठेवा. साप मारण्यात किंवा पकडून नेण्यात वेळ घालवू नका.

आणि एक नाजूक गोष्ट. झाडफूक करणाऱ्याकडे, मांत्रिकाकडे आधी नेण्याची चाल सर्वच समाजांत आहे. आपणही त्याला अपवाद नाही. दंश करणारे बरेच साप बिनविषारी असतात, किंवा विषारी सापही कधी विष न सोडता चावतो. असा रुग्ण कशानेही बरा होतो आणि श्रेय झाडफुकीला मिळते. पण खरोखर मण्यार चावली असेल, तर तेथे घालवलेल्या प्रत्येक घटकेला मज्जातंतूची टोके एकामागून एक गळत असतात. दुवा अवश्य करा. पण ती रुग्णालयाच्या वाटेवर गाडीत बसून करा.

संस्था मुलांना तालीम देते ती केवळ नोकरीसाठी नव्हे. घरात शिकलेले एक मूल असावे आणि संकटाच्या रात्री त्याने 'अब्बा, हे अपचन नाही, आधी दवाखान्यात चला' असे ठामपणे सांगावे, आणि वडिलांनी त्याचे ऐकावे, यातही शिक्षणाचे सार्थक आहे. मुलांनो, तुम्ही सांगावयास शिका. पालकांनो, आपण त्यांचे ऐका.